हरित छताखालील जलरोधक आवरणाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

मुंबईतील मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, १८८१ साली एका जलाशयाच्या छतावर उभारण्यात आले. तेथे फिरावयास येणाऱ्यास आपल्या पायाखाली पाण्याचा साठा आहे, याची जाणीवही होत नाही. या जलाशयाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा परिसरातील झाडांचे काय, हा प्रश्न नागरिकांनी उपस्थित केला. छतावर एकदा बाग रुजली की तिच्याखालील बांधकामाला हात लावणे किती अवघड होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अलीकडे अनेक शैक्षणिक संस्था आपल्या इमारतींच्या गच्चीवर हिरवळ वा बाग करण्याचा विचार करीत आहेत. चर्चा मात्र बहुधा कोणती झाडे लावावीत, यावर होते. मातीखाली काय अंथरावे, यावर होत नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नेहमीचे छत व हरित छत यांतील फरक :

उघड्या गच्चीवरील जलरोधक थर ऊन, तापमानातील चढउतार व अतिनील किरण यांनी झिजतो. मातीखालील थरास यांपासून संरक्षण मिळते. म्हणून तो तुलनेने अधिक टिकतो. परंतु त्याच्यासमोर तीन नव्या अडचणी उभ्या राहतात. पहिली, त्याच्या सान्निध्यात ओल दीर्घकाळ राहते. दुसरी, मुळे सतत त्यावर दाब देतात. तिसरी व सर्वांत गंभीर अडचण अशी की, तो नजरेआड होतो. उघड्या गच्चीवरील भेग दिसते व बुजविता येते. मातीखालील भेग शोधण्यासाठी बागच उपसावी लागते. म्हणूनच येथे आवरणाच्या खरेदीची किंमत हा निर्णायक निकष ठरू शकत नाही. दुरुस्तीची किंमत हा खरा निकष होय.

पारंपरिक कोब्याची मर्यादा :

महाराष्ट्रातील बहुसंख्य गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आढळतो. तो उतार देतो आणि उन्हाची झळही कमी करतो. तथापि त्यास तडा गेल्यास पाणी विटांमध्ये साठून राहते व दूरवर पसरते. परिणामी गळती एका ठिकाणी दिसते आणि तिचे मूळ दुसरीकडेच असते. शिवाय पिंपळ, वड, उंबर यांची रोपे भिंतीच्या फटीतही कशी रुजतात, हे आपण नित्य पाहतो. अशा मुळांना कोबा अडवू शकत नाही. सबब, केवळ कोब्यावर माती पसरणे धोक्याचे आहे.

उपलब्ध पर्याय :

१) सुधारित डांबरी पट्टे : डांबरात एसबीएस अथवा एपीपी हे बहुवारिक मिसळून ते तयार करतात. एसबीएसयुक्त पट्टा अधिक लवचीक, तर एपीपीयुक्त पट्टा उष्णतेस अधिक टिकाव धरणारा असतो. डांबर सेंद्रिय असल्याने मुळे त्यात शिरू शकतात. म्हणून वरच्या थरात मूळरोधक रसायन किंवा तांब्याचा पत्रा असलेला पट्टाच निवडावा. दोन थरांत, सांधे एकमेकांवर न येऊ देता, पृष्ठभागास पूर्ण चिकटवून केलेले काम विश्वसनीय ठरते.

२) पीव्हीसी व टीपीओ : यांचे सांधे गरम हवेने वितळवून एकजीव करता येतात, हा मोठा गुण होय. मात्र पीव्हीसीचा डांबराशी थेट संपर्क आल्यास त्यातील मऊपणा देणारी द्रव्ये निघून जातात व ते कडक होते. आपल्याकडे जुन्या गच्चीवर डांबराचा हात दिलेला असणे नवलाचे नाही. अशा वेळी मध्ये विलग करणारे कापड हवेच. टीपीओमध्ये अशी द्रव्ये नसतात.

३) ईपीडीएम : हे कृत्रिम रबर अत्यंत लवचीक असून मोठ्या आकारात मिळते. त्याचे सांधे वितळवून नव्हे, तर चिकटपट्टीने जोडतात. त्यामुळे मुळांच्या दृष्टीने सांधा हाच कच्चा दुवा राहतो.

४) द्रवरूप पॉलियुरेथेन : यास सांधाच नसतो. नळ, खांब, कोपरे अधिक असलेल्या गच्चीस ते सोयीचे असते. मात्र पृष्ठभाग कोरडा हवा व जाडी सर्वत्र सारखी हवी. त्यावर स्वतंत्र मूळरोधक थर अंथरणे श्रेयस्कर.

मूळरोधकतेचा दावा चाचणीने सिद्ध झालेला असावा. जर्मनीतील एफएलएल या संस्थेची पद्धती व युरोपीय मानक ई.एन. १३९४८ यांनुसार आवरणाच्या नमुन्यावर प्रत्यक्ष झाडे वाढवून, सुमारे दोन वर्षांनी मुळे आत शिरली की नाही, हे तपासले जाते. विक्रेत्याकडे या प्रमाणपत्राची मागणी करावी.

भार व निचरा :

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी साचल्यास त्याचे वजन एक किलो होते. साधी माती पूर्ण भिजल्यावर १५ सें.मी. थराचे वजन चौरस मीटरला २७० ते ३०० किलो भरते. भारतीय मानक ८७५ (भाग २) मध्ये वापरातील गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो चल भार धरला आहे. तो माणसांसाठी आहे, मातीसाठी नव्हे. याउलट १० सें.मी. जाडीचा कोबा काढल्यास सुमारे १८० ते २०० किलो भार कमी होतो, तर हलक्या मिश्रणाचा तितकाच थर भिजल्यावर १०० ते १३० किलोच भरतो. कोबा काढून, पातळ उतार देऊन त्यावर आवरण घालणे अनेकदा हितावह ठरते, ते यामुळेच. अंतिम निर्णय मात्र संरचना अभियंत्याचाच असावा.

दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस झाला. अशा प्रदेशात निचऱ्याची तोंडे किमान दोन असावीत, त्यांभोवती खडी असावी व ती उघडून पाहता यावीत. कठड्यालगत आवरण मातीच्या पातळीपेक्षा किमान १५ सें.मी. वर न्यावे. बहुतेक गळती आवरणाच्या मध्यभागी नव्हे, तर अशा कडांशी व नळांभोवती होते.

निष्कर्ष :

१. सलग, मोकळ्या छतास वितळवून जोडता येणारे पीव्हीसी वा टीपीओ. अडथळे अधिक असल्यास द्रवरूप आवरण. आणि नव्या सिमेंट काँक्रीट छतास पूर्ण चिकटविलेले, मूळरोधक दुहेरी डांबरी पट्टे योग्य ठरतात.

२. शक्यतो पूर्ण चिकटणारे आवरण निवडावे. मोकळ्या अंथरलेल्या आवरणाखाली पाणी सर्वत्र फिरते. चिकटविलेल्या आवरणात गळती जागेवरच राहते व शोधता येते.

३. माती टाकण्यापूर्वी निचरा बंद करून २४ ते ७२ तास पाणी साठवावे व खालून छत तपासावे. ही चाचणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक अदा करू नये.

४. आवरणाचा प्रकार, सांध्यांची जागा व निचऱ्याचा नकाशा संस्थेच्या दप्तरी जपून ठेवावा. बाग लावणारे निवृत्त होतात. गळती मात्र पुढच्या पिढीच्या वाट्याला येते.

हरित छताचे यश वरच्या हिरवळीने मोजले जाते. पण ते ठरते मातीखालच्या काही मिलिमीटरांत. त्या मिलिमीटरांची निवड प्रथम आणि रोपांची निवड नंतर, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.