बोटांपुढें धांवणारा डोळा

सुटींत अलिबाग-मुरूडच्या वाड्यांतून मुलें रुबिकचा रंगीत घन फिरवीत बसलीं कीं वडीलधाऱ्यांस तो काळाचा अपव्यय वाटतो. १९८२ सालीं बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेंत विजेत्यास हा घन सोडविण्यास २२.९५ सेकंद लागले. २०२३ मध्यें अमेरिकेच्या मॅक्स पार्कनें तो ३.१३ सेकंदांत सोडविला. हें केवळ बोटांचें चापल्य नव्हे. शेंकडों चाली अंगवळणीं पडल्यामुळें बोटें एक तुकडा बसवीत असतां डोळा पुढचा हेरतो. मध्यें थांबणें उरत नाहीं.

मॅक्सला स्वमग्नता आहे. त्याच्या बोटांस वळण लागावें म्हणून आईवडिलांनींच त्याला घन दिला होता. पाठांतर व अवधान या तर आपल्या घरांतल्या जुन्याच विद्या. तेव्हां घन हिसकावण्यापूर्वीं मुलाशेजारीं घटकाभर बसून पाहावें.