किळस कशाची वाटते? बंगळूरच्या ताटावरून एक पाठ

या पाठात आपण दोन प्रश्न पाहू. परक्याचे अन्न न चाखताच आपल्याला नकोसे का वाटते? आणि त्या नकोसेपणाची किंमत कोण मोजतो?

१. नावड आणि किळस

कारले कडू लागते म्हणून तुम्ही टाळता. ही जिभेची नावड. भेजा फ्राय मात्र न चाखताच दूर सारता. तिथे जिभेचा प्रश्नच नसतो. तो पदार्थ कुठून आला, ही कल्पनाच सोसत नाही. पॉल रोझिन आणि एप्रिल फॅलन या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हा भेद मांडला. किळस बरीचशी शिकलेली असते. तान्हे मूल हाती येईल ते तोंडात घालते; काय घालू नये हे घर शिकवते.

२. रागी मुद्दे

दक्षिण कर्नाटकाचे हे रोजचे अन्न. उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ घालून शिजवतात, लाकडी दांड्याने घोटतात आणि ओल्या हाताने गोळा वळतात. नाचणीत ग्लुटेन नसते. गोळा धरतो तो उकळत्या पाण्यात फुगलेल्या स्टार्चमुळे. म्हणूनच तो चावला तर दाताला चिकटतो. खाण्याची रीत अशी: लहान तुकडा तोडावा, सारूत बुडवावा आणि न चावता गिळावा.

नवखा माणूस तो चावत बसतो आणि ‘चिखलासारखे’ म्हणून ताट सारतो. नाचणीची भाकरी आणि आंबील आपल्याही घरची आहे. अनोळखी आहे ती फक्त रीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात १० हूनही कमी.

३. मिलिटरी हॉटेल

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी मुळाची घराणी तेव्हापासून या भागात आहेत. शहरातली अनेक जुनी ‘मिलिटरी हॉटेले’ अशाच घराण्यांनी काढली. पाटीवर ‘मिलिटरी’ असेल तर तिथे मांसाहार मिळतो, हे गिऱ्हाईक ओळखते. मटणाबरोबर पाया, भेजा, कलेजी आणि सोबत मुद्दे. मराठी मसाला आणि कानडी गोळा एकाच ताटात बसले, कारण दोघांनी एकमेकांचे खाऊन पाहिले.

४. किळस आणि प्रतिष्ठा

किळस कधी पदार्थाची असते, कधी तो खाणाऱ्या माणसाची. वजडी, रक्ती, चान्या (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) हे मराठवाड्यातील दलित वस्त्यांचे अन्न पाककृतींच्या पुस्तकांत सहसा आलेच नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) मध्ये ते नोंदवले. जनावराचा चांगला भाग दुसऱ्यांकडे गेला आणि उरलेल्यातून पोट भरावे लागले, तर त्या अन्नाला नाक मुरडणे ही केवळ रुचीची बाब राहत नाही. तो जातीचा निवाडा ठरतो. डबा उघडताना मूल संकोचते, तेव्हा तो निवाडा त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

लक्षात ठेवा: न खाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ‘मी खात नाही’ आणि ‘हे खाण्याजोगे नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

विचार करा
१. तुमच्या घरचा कोणता पदार्थ पाहुण्याला किळसवाणा वाटेल?
२. तुम्ही टाळत असलेला एक पदार्थ घ्या. टाळण्याचे कारण चव आहे, कल्पना आहे की खाणारा माणूस?