मणक्याचा मार आणि दाव्याचा हिशेब (लेखांक ५)

मागच्या लेखांकात अपघाती मृत्यूचा दावा पाहिला. ऐकायला कठोर वाटेल, पण हिशेबापुरता तो सोपा असतो. गेलेल्या माणसाची कमाई किती, तिच्यावर जगणारे किती, एवढ्यावर बरंचसं भागतं. माणूस वाचला पण मज्जारज्जूला मार बसून कमरेखालचं अंग गेलं, तर कमाई थांबते आणि खर्च सुरू होतो, तोही जन्मभराचा. लघवीची नळी, हवेची गादी, चाकाची खुर्ची, पाठीला जखम पडू नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणारं माणूस. यातला शेवटचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक दाव्यांत नीट मांडलाच जात नाही. आजचा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

किन्हवलीहून शहापूरला जा नाहीतर सरळगाव-मुरबाडकडे, लग्नसराईत एका दुचाकीवर तिघं दिसणारच. समोरून पिकअप येते, धडक बसते, मागचा उडून कठड्यावर आपटतो. चारजण धावतात, त्याला हातापायांना धरून उचलतात आणि मिळेल त्या जीपमध्ये घालतात. मोडलेला मणका अशा उचलण्यात सरकला, तर उरलासुरला मज्जारज्जूही चेमटतो. फळी किंवा सरळ दार मिळालं तर त्यावर, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून माणूस हलवावा. १०८ची रुग्णवाहिका येण्यासारखी असेल तर तिची वाट पाहावी. हे कायद्याचं नाही, पण इथे लिहिलं नाही तर पुढच्या कलमांना अर्थ नाही.

अशा दाव्यांत वकील हमखास जो निकाल पुढे करतात तो मुंबईतल्याच प्रकरणाचा आहे. हत्तंगडी नावाच्या एका वकिलांच्या गाडीला १९८०मध्ये अपघात झाला आणि त्यांचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं. पेस्ट कंट्रोल कंपनीविरुद्धचा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९९५मध्ये निकाल लागला. नुकसान दोन तऱ्हेचं असतं, हे त्या निकालाने स्वच्छ सांगितलं. एक पैशात मोजता येणारं: औषधोपचार, बुडालेली कमाई. दुसरं मोजता न येणारं: वेदना, बसण्या-उठण्याचं, हिंडण्याफिरण्याचं गेलेलं सुख. दुसऱ्याचा आकडा काढताना थोडा अंदाज आणि थोडी सहानुभूती येणारच, हेही न्यायालयाने मोकळेपणाने मान्य केलं. मात्र अपघात आणि अंतिम निकाल यांत साधारण पंधरा वर्षं गेली आणि दावा करणारे स्वतः वकील होते, हेही लक्षात ठेवा.

आता अपंगत्वाच्या टक्क्यांकडे येऊ. दाखल्यावर ६० टक्के लिहिलं असेल तर विमा कंपनी कमाईही ६० टक्केच बुडाली असं धरायला सांगते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात (निर्णय २०१०च्या ऑक्टोबरातला) ही पद्धत चुकीची ठरवली. शरीराचं अपंगत्व किती, हा एक प्रश्न. त्यामुळे या माणसाच्या या धंद्यातली कमाई किती गेली, हा दुसरा. भातशेती करणारा, भेंडीच्या जाळ्या वाहणारा किंवा पिकअप चालवणारा माणूस कमरेखाली लुळा झाला तर त्याची त्या कामातली कमाई पूर्ण गेली. कारकुनाचं तसं होईलच असं नाही.

यामुळे किती फरक पडतो ते पाहा. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. वय २८, कमाई महिना १२,००० रुपये. स्वतःचा धंदा करणाऱ्या ४० वर्षांखालच्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरतात (प्रणय सेठी निकाल, २०१७; जखमींनाही ही वाढ मिळते, हे २०२०मध्ये पप्पू देव यादव निकालात पक्कं झालं). म्हणजे महिना १६,८००, वर्षाला २,०१,६००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात २६ ते ३० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, १७. गुणाकार ३४,२७,२००. जखमी जिवंत असल्याने मृत्यूच्या दाव्यासारखी स्वतःच्या खर्चाची वजावट इथे होत नाही. हाच हिशेब ६० टक्क्यांनी केला तर २०,५६,३२०. पावणेचौदा लाखांच्या आसपासचा हा फरक, धंद्यावर काय परिणाम झाला हे डॉक्टरांच्या साक्षीतून नीट आलं की नाही, एवढ्यावर ठरतो. म्हणून दाखला नुसता जोडून भागत नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते.

आणि आता ते कूस बदलणारं माणूस. काजल विरुद्ध जगदीशचंद या फेब्रुवारी २०२०च्या निकालात, अपघाताच्या वेळी बारा वर्षांची असलेल्या मुलीसाठी दोन सेवकांचा खर्च धरला गेला: प्रत्येकी ५,००० म्हणजे महिना १०,०००, गुणिले १२, गुणिले १८. नुसते सेवेचे २१,६०,००० रुपये. सेवेचा खर्च ठोक रकमेत न उरकता कमाईसारखाच गुणक लावून काढावा, असं न्यायालयाने सांगितलं. आपल्या गावांत सेवक कोण ठेवतो? आई करते, बायको करते. ती दिवसाची मजुरी सोडते, आवणीला जात नाही. पण पावती नाही म्हणून ते अर्जात येत नाही आणि अर्जात नाही म्हणून निकालात क्वचितच येतं. घरच्या माणसाने केलेली सेवा फुकट समजण्याचं कारण नाही, हे न्यायालयांनी अनेकदा मान्य केलं आहे. माझ्या मते बायकोची किंवा आईची साक्ष या दाव्यात डॉक्टरांच्या साक्षीइतकीच वजनाची आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत ती काय काय करते, ते वकिलाने तिच्याकडून वदवून घेतलं पाहिजे.

तिघं एका गाडीवर होते म्हणून विमा कंपनी हटकून हात वर करते. नुसतं ट्रिपल सीट असणं म्हणजे अपघाताचा दोष अंगावर घेणं नव्हे. त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात म्हटलं आहे. पोलिसांचा दंड वेगळा, तो भरा.

कागद मात्र विखुरतात. रुग्ण आधी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, तिथून ठाण्याला किंवा कळव्याला, तिथून शीवला नाहीतर केईएमला. प्रत्येक ठिकाणचा केसपेपर, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. पहिल्या दवाखान्यात ‘एमएलसी’ (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंद झाली का ते विचारा. खासगी डॉक्टरकडे ‘पडला’ असं सांगून मोकळं होऊ नका, तोच शब्द पुढे विमा कंपनीचा वकील वाचून दाखवतो. पोलीस ठाण्यातून एफआयआर, पंचनामा आणि अपघाताचा सविस्तर अहवाल मिळवा. नव्या नियमांप्रमाणे पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला कळवणं पोलिसांचं काम आहे. नियुक्त रुग्णालयांत दीड लाखापर्यंत आणि सात दिवसांपर्यंत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना मे २०२५पासून आहे. तिच्याबद्दल विचारा.

दावा ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. अपघात माळशेजपलीकडे झाला तरी राहत्या ठिकाणाच्या हद्दीत दावा चालतो. १ एप्रिल २०२२पासून मुदत सहा महिन्यांची आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. दोष सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता गंभीर इजेला अडीच लाख मिळण्याची वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४मध्ये आहे. मणक्याच्या रुग्णाने मोठा दावा सोडून ती धरणं मला शहाणपणाचं वाटत नाही. धडक देणारी गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेत गंभीर जखमीला फक्त ५०,००० मिळतात. म्हणून गाडीचा नंबर पाहणाऱ्या साक्षीदाराचं नाव त्याच दिवशी लिहून घ्या.

दुसरी गाडी नसतानाही वाटा आहेत. आपलीच मोटारसायकल खड्ड्यात आदळली तर पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पाहा. परवाना असेल तर कायम पूर्ण अपंगत्वाला पूर्ण रक्कम मिळते. खड्ड्यांमुळे जखमी झालेल्यांना ५०,००० ते अडीच लाख देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये दिला आहे. आंब्यावरून पडलेल्या शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत.

दवाखान्याच्या दारातच ‘क्लेम मी करून देतो, निम्मं तुमचं निम्मं माझं’ म्हणणारा भेटेल. त्याच्या कागदावर अंगठा उठवू नका. अपंग व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. शहापूर किंवा मुरबाडच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा.

पुढच्या लेखांकात: बांधकामावरून पडलेल्या मजुराचा दावा.