शेजाऱ्याच्या खिडकीवर रोखलेला दिवा

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, टेकड्यांच्या कुशीतली एक टुमदार गल्ली. सामानाचा ट्रक येऊन थांबतो, नवं बिऱ्हाड उतरतं. शेजारच्या घराच्या खिडकीतून एबल टर्नर सगळं न्याहाळतोय. एक कृष्णवर्णीय तरुणी, तिच्यासोबत एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ आणि खोकी उचलणारा एक गोरा तरुण. एबल मनातल्या मनात नाती लावून मोकळा होतो: म्हातारा तिचा नवरा आणि गोरा सामान हलवणारा कामगार. पण ती तरुणी त्या गोऱ्याचंच चुंबन घेते. वयस्क गृहस्थ तिचे वडील असतात. ‘लेकव्ह्यू टेरेस’ या थरारपटाची ठिणगी इथे पडते.

नील लब्यूट यांनी दिग्दर्शित केलेला आणि विल स्मिथच्या ओव्हरब्रुक एंटरटेनमेंटने निर्मिलेला हा चित्रपट सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत झळकला. सॅम्युएल एल. जॅक्सन यांनी एबल साकारला. पॅट्रिक विल्सन आणि केरी वॉशिंग्टन हे ख्रिस व लिसा मॅटसन या नवविवाहित जोडप्याच्या भूमिकेत होते. पहिल्या आठवड्याअखेरीस तो अमेरिकेच्या तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर होता. समीक्षकांमध्ये मात्र दोन तट पडले. रॉजर इबर्ट यांनी त्याला पूर्ण चार तारे दिले, तर अनेकांना तो नेहमीच्या साच्यातला वाटला.

वाद मुख्यतः एका गोष्टीवरून झाला. इथे द्वेष करणारा माणूस कृष्णवर्णीय आहे आणि तो लॉस एंजेलिस पोलिस दलात नोकरीला आहे. या उलटापालटीची चर्चा इतकी झाली की चित्रपटाची खरी कमाई झाकोळली गेली. एबल कोण आहे यापेक्षा तो कोणत्या साधनांनी छळतो, हे जास्त मोलाचं आहे. उपनगरातला वर्णद्वेष बहुतेक वेळा हातात दगड घेऊन येत नाही. तो नियमांच्या चौकटीत राहून कुरापती काढतो. चित्रपटाचा पहिला दोन तृतीयांश भाग ही गोष्ट विलक्षण अचूकपणे दाखवतो.

दिव्यांचंच बघा. एबलच्या घराला सुरक्षेसाठी प्रखर दिवे लावलेले आहेत आणि त्यांचा झोत थेट मॅटसन दांपत्याच्या शयनगृहात शिरतो. स्वतःच्या घराच्या रक्षणासाठी दिवा लावणं हा काही गुन्हा नाही. विनंती करावी तर ‘एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करता’ असा आव समोर तयार. गप्प बसावं तर रात्रीची झोप उडालेली. शेवटी ख्रिसही आपल्या बाजूने तसाच दिवा लावतो आणि भांडणात बरोबरीचा वाटेकरी ठरतो. पुढे कुंपणालगत तो आडोशाला झाडं लावतो, तर एबल यांत्रिक करवत घेऊन ती छाटायला निघतो. सिगारेटची थोटकं, रात्रीचा गोंगाट, पार्टीत हसत हसत मारलेले टोमणे. यातली एकही गोष्ट सुटी काढून कोणाला सांगितली, तर ऐकणारा खांदे उडवेल. सगळ्या मिळून मात्र माणसाचं घर त्याच्या हातून काढून घेतात.

दाद मागायची तर कोणाकडे? गल्लीत रात्री गस्त घालणारा एबलच. मॅटसन दांपत्याच्या गाडीचे टायर फाडले जातात तेव्हा पोलिस येतात, पण संशय आपल्याच सहकाऱ्यावर असल्यामुळे त्यांचे हात बांधलेले राहतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

चित्रपटाचं नावही सहज सुचलेलं नाही. लेक व्ह्यू टेरेस ही सॅन फर्नांडो खोऱ्यातली खरीखुरी वस्ती आहे. ३ मार्च १९९१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, फुटहिल बुलेव्हार्ड आणि ऑस्बॉर्न स्ट्रीट यांच्या नाक्याजवळ लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला दंडुक्यांनी बडवून काढलं. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जॉर्ज हॉलिडे यांनी आपल्या सज्जातून ते व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपलं आणि जगाने पाहिलं. खटला शेजारच्या व्हेंचुरा परगण्यातल्या सिमी व्हॅली या बहुसंख्य गोऱ्यांच्या उपनगरात चालला. २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीने चार पोलिसांना मारहाणीच्या आरोपांतून जवळपास पूर्णपणे मोकळं केलं आणि शहर पेटलं. त्या दंगलीत ६० हून अधिक माणसं मेली, सुमारे एक अब्ज डॉलरचं नुकसान झालं. पुढच्या वर्षी केंद्रीय न्यायालयातल्या वेगळ्या खटल्यात चौघांपैकी दोघे दोषी ठरले. ज्या वस्तीत गोऱ्या पोलिसांचे दंडुके कृष्णवर्णीयाच्या पाठीवर पडले, तिथेच लब्यूट एका कृष्णवर्णीय माणसाच्या अंगावर तोच गणवेश चढवतात. कातडीचा रंग बदलला तरी त्या गणवेशापुढे सामान्य माणूस किती एकटा पडतो, हे त्यांना दाखवायचं आहे.

गल्लीत शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा अमेरिकी उपनगरांचा इतिहास तर त्याहून जुना. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरांच्या खरेदीखतांत सर्रास एक अट घातली जाई: हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग चढला आणि तिथे कर्ज मिळणं दुरापास्त झालं. १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की न्यायालयं अशा अटींची अंमलबजावणी करणार नाहीत. अटी मात्र कागदावर तशाच राहिल्या. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाने घरविक्रीतला भेदभाव रोखणारा कायदा केला, तर पुढच्याच वर्षी तिथल्या जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी जनमत कौलातून तो धुडकावला. तो कौल न्यायालयांनी रद्द केला. देशव्यापी समान गृहहक्क कायदा एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभराने मंजूर झाला.

लग्नाचीही हीच कहाणी. कॅलिफोर्नियात आंतरवर्णीय विवाहावरची बंदी १९४८ मध्ये उठली. देशात उरलेली बंदी जून १९६७ मध्ये ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या निकालाने संपली, तोवर ती १६ राज्यांत लागू होती. एबल आणि लिसाचे वडील ज्या पिढीचे, तिच्या आठवणीतला हा काळ आहे. म्हणूनच जावई पसंत नसल्याचं लिसाचे वडील लपवू शकत नाहीत.

एबलने वापरलेली हत्यारं खऱ्या शेजाऱ्यांनी फार पूर्वीच परजली होती. पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटाउन हे १७,००० हून अधिक घरांचं, एका छापाचं नवंकोरं उपनगर. त्याचा विकासक विल्यम लेव्हिट कृष्णवर्णीयांना घर विकत नसे. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स या कृष्णवर्णीय जोडप्याने मूळ मालकाकडून तिथे घर घेतलं आणि आपल्या तीन मुलांसह ते राहायला आलं. दारासमोर रोज रात्री शेकडोंचा जमाव जमू लागला, खिडक्यांवर दगड आले, राज्य पोलिसांना पाचारण करावं लागलं. जमाव पांगवल्यावर विरोधकांनी निराळी वाट धरली. मायर्स यांच्या घरामागचंच एक घर अड्डा बनलं. त्यावर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा फडकवला गेला आणि तिथून रात्री मोठ्या आवाजात गाणी वाजवली जाऊ लागली. मायर्स कुटुंबाला साथ देणाऱ्या लगतच्या ज्यू शेजाऱ्यांच्या भिंतीवर ‘केकेके’ ही वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन संघटनेची आद्याक्षरं रंगवली गेली. न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यावरच छळ थांबला. मायर्स कुटुंब तिथे आणखी चार वर्षं राहिलं, ही त्यांच्या धैर्याची साक्ष.

याच घटनेवर बेतलेलं उपकथानक जॉर्ज क्लूनी यांच्या ‘सबर्बिकॉन’ (२०१७) मध्ये आहे. तिथे मात्र कृष्णवर्णीय कुटुंबाच्या वाट्याला मोजकेच संवाद आले. शेजारच्या गोऱ्या कुटुंबातल्या खुनाच्या कथेला पार्श्वभूमी म्हणून ते वापरलं गेलं आणि टीका झाली ती रास्त होती. ज्यांच्या घरावर दगड पडले, त्यांच्या घरात कॅमेरा शिरलाच नाही.

शेजाऱ्यांचा असा द्वेष सोसणाऱ्यांत भारतीयही आहेत. पेशावरचे वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. त्यांनी जवळच्या बर्कलीत घर घेतलं. राहायला जाण्याच्या दिवशी सामान घेऊन पोहोचले, तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलं होतं. मुलांना इथे त्रास होईल हे ओळखून कलाबाईंनी तिथे राहायला नकार दिला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या भारतीय स्थलांतरिताच्या खटल्याच्या निकालाने भारतीयांचा नागरिकत्वाचा हक्क हिरावला. नागरिकत्व गमावलेल्या वैष्णो दास यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. त्याच बर्कलीत आज एका रस्त्याला कला बगाई यांचं नाव आहे.

‘लेकव्ह्यू टेरेस’ कमी पडतो तो शेवटच्या टप्प्यात. बंदुका बाहेर येतात, टेकडीवरचा वणवा घरांकडे सरकतो आणि सगळं नेहमीच्या थरारपटाच्या वळणावर जातं. एबलच्या द्वेषाला एक खासगी जखमही जोडली जाते: त्याची पत्नी अपघातात गेली तेव्हा ती तिच्या गोऱ्या मालकासोबत होती. हे कारण पुढे आलं, की प्रश्न एका दुखावलेल्या विधुराचा होऊन बसतो. केरी वॉशिंग्टनच्या लिसालाही दोन पुरुषांच्या झुंजीत फारसा आवाज मिळत नाही. या लग्नात सर्वांत जास्त पणाला तिचंच लागलं होतं. तिच्या नजरेतून हीच कथा मांडली असती, तर चित्रपट कितीतरी उंच गेला असता.

तरीही तो पाहावा, तो पहिल्या तासाभरासाठी आणि जॅक्सन यांच्या संयमित, हसऱ्या, धमकीने भरलेल्या सौजन्यासाठी. ज्या राज्यात तो घडतो, तिथे हा विषय अजून मिटलेला नाही. जुन्या खरेदीखतांतली वर्णभेदी अट शोधून ती खोडण्याचं काम परगण्यांच्या नोंदणी कार्यालयांवर सोपवणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केला. न्यायालयाने त्या अटींची धार काढून घेतली, त्याला तेव्हा ७३ वर्षं झाली होती.