बाबा, ऐकू येतंय का?

रविवारी मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न आमच्या घरात शुक्रवारी रात्री सुरू होतो आणि रविवारी दुपारी फूड कोर्टात संपतो. मॉलचा एसी, प्लास्टिकच्या बॉल्सचा रंगीबेरंगी हौद, एक पिझ्झा, एक भोकाड, पार्किंगचं बिल. झाला क्वालिटी टाइम! मागच्या महिन्यात मात्र बायकोने फर्मान काढलं, ''या वेळी वरळीचं सायन्स सेंटर. आणि तू लॅपटॉप आणणार नाहीयेस.'' लॅपटॉप नाही नेला. फोनबद्दल ती काही बोलली नव्हती.

मुंबईत वाढलेल्या बहुतेकांनी नेहरू सायन्स सेंटर पाहिलेलं असतं. शाळेच्या सहलीत, दोघादोघांच्या रांगेत, 'हात लावू नका रे' म्हणणाऱ्या बाईंच्या मागे. गंमत म्हणजे ही जागा आहे तीच मुळी हात लावण्यासाठी. १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी (हो, अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचे धाकटे भाऊ) सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केलं. फिरवा, ओढा, ढकला, मग कळेल, असा तिथला खाक्या. वरळीतही तोच. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या प्रदर्शनाने सुरुवात झाली, १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात उघड्यावरचं सायन्स पार्क आलं आणि ११ नोव्हेंबर १९८५ ला आख्खं सेंटर उघडलं.

एक सूचना आधीच. टॅक्सीवाल्याला नुसतं 'नेहरू' म्हणालात तर तो तारांगणाला सोडण्याची दाट शक्यता. तेही वरळीतच, पण वेगळं. महालक्ष्मी स्टेशनहून सायन्स सेंटर जवळ पडतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तर भुयारी मेट्रोचं 'सायन्स सेंटर' याच नावाचं स्टेशन झालंय.

आम्ही आधी पार्कात शिरलो. सात वर्षांची थोरली पुढे धावत, चार वर्षांचा धाकटा माझ्या खांद्यावर. पार्कात जुनं वाफेचं इंजिन आहे, ट्रामचा डबा आहे (मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, त्यामुळे ती बघून खरे हळवे होतात ते आजोबा लोक), आणि चक्क एक लढाऊ विमान आहे. एचएफ-२४ मरुत. मी लगेच माझं भाषण सुरू केलं. भारतात बनलेलं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं, डिझाइन करणारे कुर्ट टँक मूळचे जर्मन... धाकटा विमानाखाली झोपलेल्या मांजराकडे बघत होता. आई-बाबांचा हा आजारच आहे. मूल एखाद्या गोष्टीपाशी पोचायच्या आत आपण तिथली पाटी वाचून दाखवतो.

मग आल्या त्या तबकड्या. माणसाहून उंच, वाटीसारख्या खोलगट दोन तबकड्या, एकमेकींकडे तोंड करून लांब लांब उभ्या केलेल्या. एकीपाशी कुजबुजलं की दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येतं. मुलीने मला एकीसमोर उभं केलं आणि ती पळत दुसरीकडे गेली. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. क्लायंट. रविवारी! दोन मिनिटांत येतो, असं हातानेच खुणावून मी झाडाखाली गेलो.

ती दोन मिनिटं अकरा मिनिटांची होती, हे नंतर कॉल लॉगमध्ये दिसलं. परत आलो तर माझ्या जागी एक अनोळखी मुलगा उभा. तिच्याच वयाचा. तो काहीतरी कुजबुजायचा आणि पलीकडे माझी मुलगी खिदळायची.

''तिने आधी तुला चारदा हाक मारली,'' बायको म्हणाली. ''बाबा, ऐकू येतंय का, म्हणून. मग तो मुलगा तिथे येऊन म्हणाला, येतंय.''

थोरली चिडली असती तर बरं झालं असतं. मी सॉरी म्हणायची वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तिला रागच आला नव्हता. 'बाबाचा कॉल' हे तिच्यासाठी पावसासारखं झालंय. आला की आडोशाला थांबायचं, नाहीतर दुसरा खेळ शोधायचा. ते जास्त लागलं. फोन बायकोच्या पर्समध्ये गेला आणि मी मुकाट्याने रांगेत उभा राहिलो, त्या मुलाच्या मागे.

माझा नंबर आला तेव्हा शिकवणारी ती होती. ''डोकं इथेच ठेव बाबा. जरा बाजूला घेतलंस की आवाज गायब.'' बरोबरच होतं. तबकडीच्या त्या विशिष्ट आकारामुळे एका ठरावीक बिंदूपाशी केलेला आवाज तिच्यावर आपटून सरळ रेषेत पलीकडे जातो. पलीकडची तबकडी तो गोळा करून पुन्हा एका बिंदूपाशी आणते. आवाज तार्‍यातून येत नाही, मोठाही होत नाही, फक्त विखरायचा थांबतो. हे मी बारावीला मार्कांसाठी पाठ केलं होतं. तिला अकरा मिनिटांत, माझ्याशिवाय, कळलं होतं.

मग माझ्या कानात आवाज आला, ''घरी जाताना आइस्क्रीम. आईला सांगू नको.''

कप्प्यांपाशी तिने अर्धा तास घालवला. जास्त कप्प्यांतून दोरी ओवली की वजन हलकं लागतं, पण दोरी मात्र जास्त ओढावी लागते. मी चूप होतो. (बायकोने दोनदा कोपर मारलं होतं.) तिसऱ्या खेपेला ती स्वतःच म्हणाली, ''फुकट काहीच नाही ना?'' आमच्या एचआरला हे ऐकवायला हवं.

जाणार असाल तर पार्क सकाळीच उरका, दुपारी तिथे ऊन मी म्हणतं. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घ्या. सगळी दालनं एका दिवसात 'कव्हर' करायच्या फंदात पडू नका. आम्ही आतली दोनच पाहिली, मग धाकटा बाकावर आडवा झाला.

घरी आल्यावर आजीने त्याला विचारलं, काय काय बघितलंस? तो म्हणाला, ''विमानाखाली मांजर होतं.''