जुन्या मोटारसायकलीला नवे रूप : हुनर दाखवा, पण चासी कापू नका

काही दिवसांपूर्वी वरणगावातील एक तंटा मिटविण्यासाठी आमच्या दुकानात आला. एका तरुणाने वडिलांची जुनी येझदी आपल्याच एका वेल्डर बंधूकडे दिली होती. त्याला ती 'कॅफे रेसर' करून हवी होती. कारागिराने मन लावून काम केले. मागची चासी कापली, एकाच माणसाची सीट बसविली, मडगार्ड काढले. गाडी देखणी झाली, पण नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासणीत नापास झाली. ग्राहक म्हणे, पैसे परत द्या. कारागीर म्हणे, तुम्ही सांगितले तेच केले. कागदावर एक ओळ नव्हती. दोघांनाही थोडे थोडे सोसायला लावून आम्ही समेट केला. परंतु तेव्हाच ठरविले की हा धंदा आपल्या कारागिरांना नीट समजावून सांगितला पाहिजे. कारण धंदा चांगला आहे, आणि त्यात लागणारे सारे हुनर आपल्या मोहल्ल्यात आहेत : लेथवाला, वेल्डर, पेंटर, कुशनवाला आणि मिस्त्री.

हा प्रकार काय आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील तरुण साध्या मोटारसायकली हलक्या व वेगवान करून एका चहा-कॉफीच्या हॉटेलापासून दुसऱ्यापर्यंत पळवीत. लंडनचे 'एस कॅफे' हा त्यांचा प्रसिद्ध अड्डा. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेग गाठणे ही त्यांची हौस. त्यावरून 'कॅफे रेसर' हे नाव पडले. हँडल खाली, फूटरेस्ट मागे, सीट एकट्याची व मागे उंचवटा असलेली, ही त्याची खूण.

'ब्रॅट' हा प्रकार जपानचा. टोकियोत १९९८ साली सुरू झालेल्या 'ब्रॅट स्टाईल' या कारखान्यावरून ते नाव आले. यात सीट लांब, सपाट व पातळ असते, गाडी बुटकी व साधी दिसते आणि दोन माणसे बसू शकतात. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आपल्याकडेही हे काम नवे नाही. मुंबईत अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' या नावाने बुलेटला नवी रूपे देण्याचा व्यवसाय उभा केला. रॉयल एनफिल्ड कंपनीने २०१३ मध्ये 'कॉन्टिनेन्टल जीटी' ही कॅफे रेसर धाटणीची गाडी कारखान्यातूनच बाजारात आणली. तेव्हा गिऱ्हाईक आहे, हे उघड आहे.

कोणती गाडी घ्यावी?

आयुध निर्माणीच्या आपल्या गावात आणि जवळच्या भुसावळच्या रेल्वे वसाहतींत एकेकाळी घेतलेल्या राजदूत, येझदी, बुलेट आजही कुठे कुठे ओट्याखाली झाकून ठेवलेल्या दिसतात. येझदीचे म्हैसूरचे उत्पादन १९९६ साली बंद पडले, यामाहा आरएक्स १०० देखील त्याच साली थांबली. अशा गाड्या मूळ स्थितीत असतील तर त्यांना हात लावू नये. मूळ टाकी, मूळ मडगार्ड, मूळ सीट असलेल्या गाडीला शौकीन लोक कापलेल्या गाडीपेक्षा जास्त दाम देतात. ज्या गाडीचे अंगावरचे सामान आधीच गेले आहे, पण इंजिन, चासी व कागद शाबूत आहेत, तीच या कामाला योग्य.

गाडी विकत घेताना आरसी बुकावरील चासी नंबर व इंजिन नंबर हाताने घासून, उजेडात वाचून पडताळावेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० वर मूळ मालकाच्या सह्या घ्याव्यात. बिनकागदाची गाडी कितीही स्वस्त मिळो, ती चोरीची निघाली तर कारागीरही पोलिसांच्या दारात उभा राहतो. रोजी हलाल ठेवायची तर सुरुवात कागदापासून.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचावेत.

आता वरच्या तंट्यातील चूक कळेल. आरसी बुकात दोन माणसांची गाडी लिहिलेली, आणि सीट झाली एकाची. शिवाय चासी कापलेली. रंग बदलला तर तोही आरसीत नोंदवून घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्या वेळी गाडी दाखवावीच लागते. रस्त्यावर पोलिसाला चुकविता येईल, या तपासणीला नाही.

साडीगार्ड काढू नका

कापडाचे व्यापारी म्हणून आम्हाला एक गोष्ट विशेष सांगायची आहे. या शौकात सर्वांत आधी काढला जातो तो साडीगार्ड, कारण तो 'शोभत नाही'. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे, मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या गाडीला धरायची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. नियमात कारणही दिले आहे : मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत.

आपल्या माता-भगिनी बुरखा, ओढणी, साडी नेसून मागे बसतात. आज जे कापड आम्ही विकतो त्यात पॉलिएस्टर व जॉर्जेट बरेच असते. ते सुतासारखे चटकन तुटत नाही. चाकात गेले की गुंडाळत जाते आणि माणसाला खाली ओढते. गळ्यातील ओढणीचे काय होईल, हे सांगायला नको. कारागिराने पातळ सळईचा, नीटस, काळ्या रंगाचा साडीगार्ड बनवावा. तो शोभतोही. ग्राहक 'नको' म्हणाला तर काम परत द्यावे, पण साडीगार्डशिवाय गाडी देऊ नये.

काम कसे करावे?

आमचा सल्ला असा की ब्रॅट धाटणीची सपाट, दोन माणसांची सीट करावी आणि सर्व काम नट-बोल्टवर ठेवावे. म्हणजे चासी अखंड राहील आणि मूळ सामान पुन्हा चढविता येईल. काढलेले सामान ग्राहकाला पोत्यात बांधून परत द्यावे, ती त्याची अमानत आहे.

आधी ब्रेक, टायर, बेअरिंग व वायरिंग दुरुस्त करावे, रंगरूप नंतर. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी काढून व टाकी उतरवून ठेवावी. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते.

हँडल फार खाली नेऊ नये. आपल्या भागात याच गाडीवर दुधाचे कॅन, कापडाचे गठ्ठे आणि दोन मुले जातात. वाकून चालविणाऱ्याचे मनगट व कंबर लवकर धरते. फूटरेस्ट मागे नेले तर ब्रेक व गिअरच्या दांड्याही नव्याने जुळवाव्या लागतात. त्यात कसूर झाली तर पायाखालचा ब्रेक पूर्ण लागत नाही.

एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावण्याची फॅशन आहे. त्याने हवा जास्त व पेट्रोल कमी जाते. कार्ब्युरेटरचा जेट त्याप्रमाणे बदलला नाही तर इंजिन तापते, आणि खानदेशच्या मे महिन्यात टू-स्ट्रोक गाडीचा पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. डबा राहू द्यावा. सायलेन्सरही आवाज करणारा लावू नये. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, हे वाचकांना ठाऊक आहे.

सीटसाठी कॅनव्हास सुंदर दिसतो, पण पाणी पितो आणि आतला फोम कुजतो. रेक्झिन वापरावे, शिवणीला सुती नव्हे तर नायलॉनचा दोरा घ्यावा, आणि फोमवर आधी प्लॅस्टिकचा कागद घालावा, कारण पाणी शिवणीच्या भोकांतूनच शिरते. अगदी काळे रेक्झिन आपल्या उन्हात चटका देते, तपकिरी बरे.

लिहून ठेवा

सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. ती केवळ मोठ्या व्यापाऱ्यांसाठी नाही. गाडी घेताना साध्या वहीत लिहावे : चासी नंबर, काय बदलणार, काय बदलणार नाही, किती पैसे, किती आगाऊ, कोणत्या तारखेला देणार. ग्राहकाची सही घ्यावी, साक्षीदाराचीही घ्यावी. गाडीचे आधीचे व नंतरचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत.

त्या वेल्डर बंधूने आता अशी वही केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : चासी कापली जाणार नाही. त्यानंतर एक ग्राहक रागावून गेला, तीन आले. हुनर अल्लाहची देणगी आहे. कायद्याच्या व माणसाच्या जिवाच्या मर्यादेत राहून तो वापरला तर त्यात बरकत आहे, इन्शाअल्लाह.