एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही, असं का?

मर रोगाच्या शेतात हरभऱ्याची रोपं माना टाकतात. तिथेच 'विजय' वाण पेरला तर तो बऱ्यापैकी तग धरतो. जमीन तीच, पाणी तेच. फरक बियाण्याच्या आनुवंशिक गुणात. शेतकरी बंधूंना हे नव्यानं सांगायला नको. माणसातही असे फरक असतात. त्यातला एक एड्सच्या विषाणूशी, म्हणजे एचआयव्हीशी निगडित आहे. "माझं रक्त कणखर आहे, मला काही होत नाही," असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

पेशीचं दार

रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीराची राखण करतात. बाहेरचे निरोप घेण्यासाठी त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात. एचआयव्ही आधी सीडी-४ या रिसेप्टरला चिकटतो आणि मग बहुधा सीसीआर-५ या दुसऱ्या रिसेप्टरच्या दारातून आत शिरतो. काही माणसांच्या जनुकातली ३२ अक्षरं जन्मतःच गळालेली असतात, त्यामुळे हे दार तयारच होत नाही. १९९६ साली हा शोध लागला. आई आणि बाप दोघांकडून असं जनुक आलं, तर नेहमीच्या एचआयव्हीची वाट बंद होते. एकाकडूनच आलं तर लागण होऊ शकते, पण आजार सावकाश वाढतो.

बर्लिनमध्ये टिमोथी ब्राऊन या रुग्णाला रक्ताचा कर्करोग होता आणि एचआयव्हीही होता. २००७ साली असं जनुक असलेल्या दात्याच्या मूळ पेशी त्याला दिल्या. एचआयव्ही गेला, तो परत आला नाही. मात्र हा उपचार जिवावरचा आहे. सरसकट रुग्णांसाठी नाही.

हुरळून जाऊ नये

दोन्हीकडून असं जनुक मिळालेली माणसं उत्तर युरोपीय वंशात शंभरात साधारण एक. भारतात हा गुण फार दुर्मिळ. शिवाय एचआयव्हीचे काही प्रकार सीएक्ससीआर-४ या वेगळ्याच दारानं शिरतात. आणखी एक गोष्ट. डासांमुळे होणारा वेस्ट नाईल ताप अशा लोकांना जास्त जड जातो, असं २००६ साली अमेरिकेत दिसून आलं. विजय हरभरा मर रोगाला दाद देत नाही, पण घाटेअळी त्याला सोडत नाही. तसाच हा प्रकार.

गावात काय करायचं?

नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह निघाली, की कुजबुज सुरू होते. "हिला कसं झालं नाही?" त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. प्रत्येक संबंधातून लागण होतेच असं नाही. पण आज निगेटिव्ह म्हणजे कायमची सुरक्षित, असंही नाही. तिनं डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुन्हा तपासणी करावी, निरोध वापरावा. नवऱ्यानं औषधं एक दिवसही चुकवू नयेत. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबलेला राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

सरकारी केंद्रांत तपासणी मोफत होते. औषधंही २००४ पासून मोफत मिळतात. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी एक ध्यानात ठेवावं. २०१७ च्या कायद्यानुसार अशा रुग्णाशी भेदभाव करता येत नाही, आणि पदामुळे कळलेली त्याची माहिती संमतीशिवाय फोडता येत नाही.

बियाण्याचा गुण पिशवीवरच्या लेबलावर वाचता येतो. माणसाचा चेहऱ्यावर वाचता येत नाही. म्हणून अंदाजावर राहू नका, तपासणी करून घ्या.